कासवाच्या पिल्लांसाठी फ्र्यूबेट : पेटी घ्या, तयार किट नको

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच. हा रिव्ह्यू आहे जर्मनीत मिळणाऱ्या फ्र्यूबेटचा, म्हणजे थंडीत भाजीची रोपं वाचवायला बागेत ठेवतात ती पारदर्शक झाकणाची बिनबुडाची पेटी. आमच्याकडे तिच्यात भाजी नाहीये, चार कासवं राहतात. हर्मन जातीची, पहिला हिवाळा झोपून काढल्यावर आणलेली, आली तेव्हा एकेक लिंबाएवढं होतं. पोरांनी नावं ठेवलीत दगडू, ढब्बू, तात्या आणि बायो, आणि नर की मादी हे कवच साधारण दहा सेंटीमीटरचं होईपर्यंत नीट कळत नाही म्हणून तात्या उद्या मादी निघू शकतो, तयारी ठेवलीय.

आम्ही एर्लांगेनला राहतो, रो हाऊस, मागे छोटी बाग. इकडच्या मराठी ग्रुपमध्ये कासवांचे फोटो टाकले की दर वेळी तेच प्रश्न येतात, काय घेऊ, कुठून घेऊ, किती खर्च, हिवाळ्यात काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी पेटी. ब्रँड सांगत बसत नाही कारण तीन-चार कंपन्या जवळपास तेच विकतात, बघायचं एकच, झाकण कशाचं आहे. स्वस्त पेट्यांना पॉलीकार्बोनेटचं झाकण असतं, रोपांना ते चालतं पण कासवाला नाही, कारण पॉलीकार्बोनेट उन्हातले यूव्ही-बी किरण जवळजवळ सगळे अडवतं आणि साधी काचसुद्धा अडवते. यूव्ही-बी नाही म्हणजे अंगात व्हिटॅमिन डी-३ तयार होत नाही, डी-३ नाही म्हणजे कॅल्शियम हाडात जात नाही, आणि कासवाचं कवच म्हणजे हाडच ना, ते मऊ पडतं, सरळ सांगायचं तर मुडदूस होतो. म्हणून यूव्ही आत सोडणारं दुहेरी भिंतीचं ॲक्रिलिक घ्यायचं, इथले कासववाले त्याला ऑलटॉप म्हणूनच ओळखतात, १६ मिलिमीटर जाडीचं असलं तर रात्रीची ऊबही बऱ्यापैकी टिकते. आमची पेटी साधारण दीड मीटर बाय एक मीटर, साडेतीनशे युरोच्या आसपास पडली, पॉलीकार्बोनेटवाली याच्या अर्ध्यात मिळत होती. महाग आहे, मान्य. पण पैसे जातात ते त्या झाकणातच, बाकी सगळी लाकडाची चौकट आहे.

दुसरी वस्तू जिच्याशिवाय पेटी घेऊच नका ती म्हणजे झाकण आपोआप उघडणारा दांडा. वीज लागत नाही, सिलिंडरमध्ये मेण असतं, गरम झालं की फुगतं आणि झाकण वर ढकलतं, गार झालं की खाली. ऐकायला किरकोळ वाटतं पण मार्चमधल्या एका स्वच्छ दिवशी बाहेर १२ डिग्री असताना बंद पेटीत बघता बघता चाळीसच्या वर जातं, आणि आपण ऑफिसात असतो. चार कासवं त्यात शिजतील अक्षरशः. आमचा अर्धा स्टार मात्र इथेच गेला, दांडा चांगला आहे पण झाकणाची बिजागरी प्लास्टिकची, वाऱ्याच्या एका झोताने झाकण मागे पालथं पडलं आणि एक बिजागरी गेली. आता साखळी लावलीय. एवढे पैसे घेता तर दोन स्टीलच्या बिजागऱ्या द्यायला काय होतं हो.

आता तयार किटबद्दल, कारण हे लिहायला मी कधीची बसलेय. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी प्रेमाने एक कासव स्टार्टर किट भेट दिलं, ऑनलाइन दुकानातलं, नाव लिहीत नाही. आत काय होतं : उघडं लाकडी टेबल, लाकडाच्या सालीच्या चिपा, एक खोल प्लास्टिकचा पाण्याचा वाडगा, एक बल्ब, काटेवाला थर्मामीटर आणि दाबून बनवलेल्या गोळ्यांचा डबा. एकेक घेऊ. वाडगा इतका खोल की तीन-चार सेंटीमीटरचं पिल्लू त्यात उलटं पडलं तर बुडेल. बल्बवर सूर्याचं चित्र, पण पाठीमागची बारीक अक्षरं वाचली तर नुसता उष्णतेचा, यूव्हीचं नाव नाही. थर्मामीटर आमच्या डिजिटलपेक्षा सहा डिग्री कमी दाखवत होता. गोळ्या तर वेगळाच विषय. आणि ते टेबल, घरात हीटर चालू असताना त्यात हवा इतकी कोरडी होते की पापड वाळवावेत.

हा कोरडेपणाच मोठा घोळ आहे. पाळीव कासवांच्या पाठीवर उंचवटे आलेले तुम्ही फोटोत बघितले असतील, प्रत्येक खवला पिरॅमिडसारखा वर आलेला. जुनी समजूत अशी की प्रोटीन जास्त झालं की तसं होतं. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकन सुलकाटा कासवांच्या पिल्लांवर प्रयोग केला, वेगवेगळं प्रोटीन आणि वेगवेगळी आर्द्रता देऊन, आणि निघालं असं की कोरड्या हवेत वाढलेल्यांचे उंचवटे जास्त, प्रोटीनचा परिणाम त्यामानाने किरकोळ. सुलकाटा वेगळी, हर्मन वेगळी, पण निसर्गात हर्मनची पिल्लंही झुडपाच्या बुडाशी, मुळाजवळच्या ओलसर मातीत अर्धी गाडून घेऊनच दिवस काढतात. बाल्कनपासून इटली-स्पेनपर्यंतचा हा प्राणी, उन्हाचा म्हणून प्रसिद्ध, पण पिल्लं उन्हात येतात ती अंग शेकण्यापुरती आणि परत आत.

म्हणून खरी मजा पेटीत नाही, पेटीत काय लावता त्यात आहे. आमच्याकडे बागेतलीच माती, त्यात थोडी वाळू आणि चुनखडीचा बारीक खडा, खत अजिबात नाही. एका अर्ध्यात दगडाच्या सपाट लाद्या, ऊन धरायला, आणि घासून नखं झिजायला. दुसऱ्या अर्ध्यात झाडं. निळसर फेस्टुका गवताचे गड्डे सगळ्यात कामाचे, पिल्लं त्यांच्या बुडाशी शिरून झोपतात आणि खात नाहीत फारशी. थाईम, रोझमेरी, लॅव्हेंडर ही कोरड्या बाजूला, त्यांनाही कासवं तोंड लावत नाहीत म्हणून टिकतात. खायचं म्हणून डँडेलियन, इकडचा लोवेनत्सान, अख्खा जर्मनी ज्याला लॉनमधून उपटून फेकतो तो, आमच्याकडे मुद्दाम लावलाय, शेजारचे आजोबा बघून हसतात. श्पित्सवेगेरिश म्हणून एक तण आहे, आपल्या इसबगोलाच्या जातकुळीतलं, ते. सेडम, मॅलो. आणि बर्फात टिकणारा एक बुटका निवडुंग. रोज फक्त झाडांच्या बाजूला पाणी घालते, लाद्यांची बाजू कोरडीच, मग ज्याला जिथे बसायचंय तो बसतो.

एक गोष्ट दुकानातले सांगत नाहीत. गार्डन सेंटरमधून आणलेलं रोप थेट पेटीत लावू नका. त्यावर मारलेलं औषध असतं, कुंडीत खताचे पांढरे-पिवळे मणी असतात आणि पिल्लं काहीही गोल दिसलं की तोंडात घालतात. आम्ही मुळं धुवून, साध्या मातीत लावून काही आठवडे बाजूला ठेवतो, नवीन पानं फुटली की मग आत. त्यापेक्षा बिया टाकलेल्या बऱ्या, स्वस्तही पडतं. आणि विषारी काय ते पाठच करा, कण्हेर, बटरकप, लिली ऑफ द व्हॅली, फॉक्सग्लव्ह, यू नावाचं झाड, कुंपणाला सगळीकडे असतो तो बुक्स, ही पेटीच्या आसपाससुद्धा नकोत.

चार पिल्लं उगवतं त्यापेक्षा जास्त वेगाने खातात, तेव्हा बाहेरून तण आणावं लागतंच. यात आमच्या सासूबाई हिरो ठरल्या. सांगलीहून तीन महिने आल्या होत्या, पहिल्या दिवशी "अगं, मेथी घाल की त्यांना थोडी" म्हणाल्या, मग समजावलं की रानटी पालाच बरा, तर दुसऱ्या दिवसापासून फिरायला जाताना पिशवी घेऊनच निघायच्या. फुटपाथच्या फटीत उगवलेली घोळ त्यांनीच ओळखली, मी दहा वर्षं त्याच फुटपाथवरून जातेय. घोळ कधीतरीच देते, कॅल्शियम अडवणारं ऑक्झॅलेट असतं तिच्यात, पालक तर नाहीच. कुत्री फिरवतात ती जागा आणि रस्त्याची कड सोडून वेचायचं. कुंडीतल्या जास्वंदीचं फूल पडलं की मात्र मारामारी. फळं नाहीत, टोमॅटो-काकडी नाही, दुकानातलं लेट्यूस नाही, पाहुण्यांनी प्रेमाने आणलेला केळ्याचा तुकडाही नाही. कटलफिशचं हाड एका कोपऱ्यात कायम पडलेलं असतं, कॅल्शियमसाठी, लागेल तेव्हा कुरतडतात. किटमधल्या गोळ्यांची इथे काहीच गरज नाही, नुसत्या भरमसाट वाढवतात, आणि कासवाची वाढ जितकी सावकाश तितकी बरी. आमची पहिल्या वर्षात वीस-पंचवीस ग्रॅमवरून चाळिसाच्या आत होती, डॉक्टरीणबाई खूश.

आता कासवं एकत्र ठेवण्याबद्दल. लोक म्हणतात एकटं कसं राहील बिचारं, त्याला जोडी आणा. कासवाला सोबत वगैरे लागत नाही हो, ते मुळात एकलकोंडंच. चार एकत्र ठेवलीत ती आमची हौस, आणि जोडी तर सगळ्यात वाईट, दोघांत एक दुसऱ्याला सतत दाबतो आणि दबलेल्याला पळायला जागा नसते. तीन-चार असली की तो ताण विभागला जातो, तरी लक्ष ठेवावं लागतं. आमचा ढब्बू खाण्यावर चढून बसतो, अक्षरशः दुसऱ्याच्या पाठीवर पाय देऊन. यावर झाडांइतका चांगला उपाय नाही, मध्ये गवताचा गड्डा आला की एकाला दुसरा दिसत नाही आणि न दिसला की भांडण नाही. पाला पण एका जागी टाकायचा नाही, चार ठिकाणी टाकायचा. तरीही बायो मागे पडतेय हे डोळ्याला कळलं नव्हतं, किचनच्या काट्यावर कळलं, म्हणून वजन नियमित करून वहीत लिहा, चारी एकाच वेळी. मग तिला थोडे दिवस जाळी लावून वेगळं खायला घातलं, आता बरी भरलीय. पुढे नर जास्त निघाले तर एकदोन दुसऱ्याला द्यावे लागतील, कारण नर मोठे झाले की माद्यांना आणि एकमेकांना चावून चावून हैराण करतात, हे पोरांना आत्तापासून सांगून ठेवलंय. अंडी उबवताना तापमान जास्त असेल तर माद्या आणि कमी असेल तर नर होतात, त्यामुळे ब्रीडर सांगतो ते ऐकायचं पण लिहून देत नाही कोणी.

आणि दुसऱ्या जातीचं कासव शेजारी आणू नका, फुकट मिळालं तरी. मूरिश कासवं (टेस्टुडो ग्रेका, जर्मनीत माउरिशे म्हणतात ती) हर्पीसचा विषाणू अंगावर घेऊन ठणठणीत फिरू शकतात आणि हर्मन त्याने मरतात.

झाडं दाट लावण्याचा एक तोटा आहेच, कासवं दिसत नाहीत. पाहुणे येतात, पेटीवर वाकून बघतात आणि म्हणतात रिकामी आहे की. रोज संध्याकाळी मोजणी हे आमच्या धाकट्याचं काम, कधी कधी अर्धा तास जातो, आणि ते करायलाच हवं कारण पिल्लू उलटं पडलं असेल तर कळायला दुसरा मार्ग नाही. तुम्हाला हॉलमध्ये शोभेला प्राणी हवा असेल तर मासे पाळा.

शत्रू बरेच. मॅगपाय आणि कावळे लिंबाएवढं पिल्लू सहज उचलतात, रात्री उंदीर आणि मार्डर, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी, त्यामुळे झाकण उघडं असतानाही वर जाळी हवी आणि पेटीखालीही बारीक जाळी पुरा, आमची १२ मिलिमीटरची आहे, कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी चालत नाही. हे पेटीबरोबर येत नाही, वेगळे तीस-चाळीस युरो धरा.

विजेचं सांगते. ऊन नसलेल्या दिवसांसाठी ७० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा टांगलाय, यूव्ही देणारा, खालच्या लादीवर ३५-४० डिग्री येईल इतक्या उंचीवर. पेटी बुटकी असेल तर हे अंतर जमत नाही, विकत घेताना आतली उंची मोजा. इकडे युनिटला तीस सेंटच्या वर पडतात, आठ तास चालला तर दिवसाला वीसेक सेंट, पण रोज लागत नाही. मे महिन्याच्या मध्यापर्यंत, आइसहायलिगे म्हणतात ते थंडीचे दिवस जाईपर्यंत, रात्रीसाठी एक सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, बागेत पाणी आणि वीज एकत्र आहे, तिथे जुगाड नको.

हिवाळा हा मराठी माणसाला सगळ्यात जड जाणारा भाग. नोव्हेंबरपासून तीन-चार महिने कासवं फ्रिजमध्ये. हो, फ्रिजमध्ये. तळघरात वेगळा जुना फ्रिज, चार ते सहा डिग्री, मातीने आणि बीचच्या पानांनी भरलेले डबे, प्रत्येकाचा वेगळा, आठवड्यातून एकदोनदा दार उघडून हवा द्यायची. त्याआधी विष्ठा तपासून घ्यायची, जंत असतील तर औषध, मग खाणं बंद, कोमट पाण्याची अंघोळ, हळूहळू तापमान खाली. फ्रिज रिकामा चालवून आधी काही आठवडे थर्मामीटर ठेवून बघा, जुने फ्रिज मध्येच शून्याखाली जातात. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "आणि भाजी कुठे ठेवतेस गं?"

कागदपत्रं. हर्मन कासव युरोपियन युनियनच्या संरक्षित प्राण्यांच्या सगळ्यात कडक यादीत आहे, म्हणून विकणाऱ्याकडून पिवळं सर्टिफिकेट मिळालंच पाहिजे, ते नसेल तर कितीही गोड पिल्लू असो, उठून या. आणलं की आपल्या भागातल्या निसर्ग संरक्षण ऑफिसला कळवायचं. ५०० ग्रॅमपर्यंत चिप बसवत नाहीत, त्याऐवजी फोटो, वरून आणि पोटाकडून, ग्राफ पेपरवर ठेवून, वाढत्या वयात पुन्हा पुन्हा काढायचे कारण कवचावरची नक्षी बोटांच्या ठशासारखी प्रत्येकाची वेगळी. ढब्बू फोटोला स्थिर बसत नाही, त्याला एका छोट्या वाटीवर ठेवते, पाय हवेत राहतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, कारण मागच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं : हे पुण्यात-नाशकात करायला जाऊ नका. आपल्याकडे कासव शुभ, देवळात गाभाऱ्यासमोर असतं, घरात ठेवलं की पैसा येतो वगैरे, आणि त्याच नादात स्टार कासवं चोरून विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सगळ्यात वरच्या दर्जाची बंदी आहे. कोणी "फार्मचं आहे" सांगितलं तरी नाही. शुभच हवं असेल तर पितळेचं घ्या.

कोणाला घेऊ नका म्हणेन? ज्यांचा इथला मुक्काम दोन-तीन वर्षांचा आहे त्यांना. हे प्राणी पन्नास-साठ वर्षं सहज जगतात, पेटी फक्त पहिल्या काही वर्षांपुरती, नंतर बागेचा मोठा तुकडा कुंपण घालून द्यावा लागतो आणि पेटी त्यात झोपायची खोली होते. भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, उत्तरेकडे तोंड असेल तर, विषयच नाही. बाग आहे, ऊन आहे, तण उपटायचा कंटाळा नाही, अशांना मात्र डोळे मिटून घ्या सांगेन.

खरेदी करायची तर पेटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघा, गार्डन सेंटरं सीझन संपताना किंमत उतरवतात, मार्चनंतर सगळ्यांना टोमॅटोची रोपं आठवतात आणि मिळत नाही. सेकंडहँड घेत असाल तर झाकण उन्हात धरून बघा, पिवळं पडलेलं किंवा कोरड्या फडक्याने पुसून ओरखडलेलं असेल तर सोडून द्या, आणि विकणाऱ्याकडे आधी कासवं होती का, आजारी होती का ते विचारा. आणि बिजागऱ्या तेव्हाच स्टीलच्या टाकून घ्या, आठ युरोला जोडी मिळते.